तिरामिसू इन सिएटल!

ओव्हन नको, बेकिंगची कटकट नको. थोडी कॉफी, थोडं क्रीम, एक जुना सिनेमा आणि पावसात भिजलेलं एक शहर… बस्स!

'तिरामिसू म्हणजे काय?' असं आज एखाद्या कॅफेत मोठ्याने विचारून बघा. शेजारच्या टेबलवरची मंडळी वळून बघतील. पण १९९३ साली हाच प्रश्न साक्षात टॉम हँक्सने विचारला होता, तोही मोठ्या पडद्यावर! 'स्लीपलेस इन सिएटल' आठवतोय ना? बायको गेल्यावर शिकागो सोडून छोट्या मुलाला घेऊन सिएटलला आलेला आर्किटेक्ट सॅम. ख्रिसमसच्या आदल्या रात्री त्याचा मुलगा रेडिओवरच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावतो आणि सांगतो, माझ्या बाबांना नवी बायको हवीय. तिकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला गाडी चालवणारी मेग रायन ते ऐकते आणि पुढचं सगळं रामायण घडतं.

तर या सॅमला पुन्हा डेटिंगच्या मैदानात उतरायचं असतं. त्याचा मित्र जे (रॉब रायनर यांनी काय धमाल केलीय!) त्याला बाजाराच्या काउंटरवर बसून नव्या जमान्याचं ज्ञान देतो आणि म्हणतो, आता तिरामिसू आलंय. सॅम विचारतो, ते काय असतं? जे म्हणतो, कळेल कळेल! बिचारा सॅम टेन्शनमध्ये. खायचा पदार्थ आहे की आणखी काही, हे त्याला कुणी सांगतच नाही.

आम्हालाही कुणी सांगितलं नाही. मी आणि माझी मावसबहीण, म्हणजे ताई, आम्ही हा सिनेमा साताऱ्याला आजीच्या घरी व्हीसीडीवर अक्षरशः घासला. दोन डिस्कचा सेट, मध्ये उठून डिस्क बदलायची. ताई कॉलेजात, मी चौथी-पाचवीत. तिरामिसू काय असेल, यावर आजीचं मत ठाम होतं, 'काहीतरी पोटाचं औषध असणार.' ताईने सायबर कॅफेत जाऊन फोटो शोधला तेव्हा कळलं, हे तर पुडिंग! तेव्हाच ठरलं, एक दिवस सिएटलला जाऊन हे खायचं.

ताई २०१६ मध्ये सिएटलला गेलीसुद्धा. सिनेमासाठी नाही हो, नोकरीसाठी! आणि मी गेले डिसेंबर २०२३ मध्ये.

साडेचारला अंधार

तिकीट मी ऑगस्टमध्येच काढून ठेवलं होतं. नोव्हेंबरात ताईचा फोन आला. 'ये तू, पण माझा मूड कसा असेल सांगता येत नाही.' ती ज्या मोठ्या टेक कंपनीत होती, तिथून एका मंगळवारी सकाळी ई-मेल आला आणि दुपारपर्यंत तिचा लॅपटॉप लॉक झाला. ताई एच-वन-बी व्हिसावर. या व्हिसावर नोकरी गेली की नवी शोधायला, नाहीतर गाशा गुंडाळायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. भावजींचा आणि आठ वर्षांच्या भाच्याचा व्हिसा तिच्याच व्हिसाला बांधलेला. म्हणजे घड्याळ एक, माणसं तीन.

सिएटलचा डिसेंबर कसा असतो? सकाळी आठला उजाडतं आणि दुपारी सव्वाचार-साडेचारला सूर्य मावळतोही. पाऊस आपल्यासारखा धो-धो नाही, दिवसभर बारीक रिपरिप. छत्री उघडणारा माणूस ओळखायचा, हा पाहुणा! इथले लोक जॅकेटची टोपी ओढतात आणि चालू पडतात. ढग सरकले की १४ हजार फुटांहून उंच माउंट रेनिअर अचानक समोर उभा राहतो आणि ऑफिसातले लोक एकमेकांना खिडकीपाशी बोलावतात.

ताईचं घर बेलव्ह्यूला. मधे लेक वॉशिंग्टन, पलीकडे सिएटल. तलाव खोल, तळाचा गाळ मऊ, त्यामुळे तिथे चक्क तरंगते पूल बांधलेत. काँक्रीटचे पोकळ तराफे, वर हायवे. ५५० नंबरची बस तेव्हा अशाच एका पुलावरून सिएटलला जायची. दोन्ही बाजूंना राखाडी पाणी, समोर राखाडी शहर. ताई खिडकीशी बसून म्हणाली, 'आज एकतिसावा.' तारीख नव्हे. दिवस!

कांद्याचा बाजार

त्या दिवशी शुक्रवार होता, २२ डिसेंबर. ताईने दोन अर्ज पाठवले, लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, 'चल, तुझा तो काउंटर बघून येऊ.'

पाइक प्लेस मार्केट १७ ऑगस्ट १९०७ ला सुरू झालं. कारण ऐकाल तर घरचंच वाटेल… कांदा! दलालांमुळे कांद्याचे भाव इतके भडकले की लोक वैतागले आणि शेतकऱ्याने थेट गिऱ्हाइकाला माल विकावा म्हणून ही मंडई भरवली गेली. लासलगावकरांनो, ऐकताय ना? पुढे साठच्या दशकात ती पाडून टोलेजंग इमारती बांधायचा घाट घातला गेला, पण १९७१ मध्ये सिएटलकरांनी मतदान करून मंडई वाचवली. म्हणून आजही तिथे मासेवाले गिऱ्हाइकाने घेतलेला सामन मासा हवेत फेकतात, समोरचा झेलतो आणि जमलेले पर्यटक टाळ्या वाजवतात. रेचल नावाची काशाची डुकरीण बसलीय, ती खरीखुरी पिगी बँक आहे, १९८६ पासून. खालच्या गल्लीत च्युइंगम चिकटवून रंगीबेरंगी झालेली भिंत आहे. ईऽऽ म्हणत सगळे तिथेच फोटो काढतात!

स्टारबक्सचं सर्वांत जुनं दुकानही इथेच. कंपनी १९७१ ची, या जागेत दुकान आलं १९७६ ला. बाहेर पावसात ही लांबलचक रांग. आम्ही रांगेला टाटा केलं आणि थेट अथेनियनमध्ये शिरलो.

हेच ते रेस्टॉरंट! १९०९ मध्ये बेकरी म्हणून सुरू झालेलं. इथल्याच काउंटरवर सॅमला तिरामिसूचा धक्का बसतो. खिडकीतून इलियट बे दिसतो, पांढऱ्या फेरीबोटी ये-जा करत असतात. आम्ही फिश अँड चिप्स मागवले. शेजारच्या बाईंनी आपणहून आमचा फोटो काढून दिला.

ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'सात वर्षं झाली गं इथे येऊन. माझं ऑफिस इथून पंधरा मिनिटांवर होतं. एकदाही आले नाही. दर वेळी वाटायचं, हा रिलीज होऊ दे, मग निवांत जाऊ.'

तुमच्या-माझ्या कंप्युटरवर अशी किती 'मग निवांत'ची फोल्डरं पडून असतील?

पाण्यावरची घरं

सिनेमातलं सॅमचं घर आठवतं? पाण्यावर तरंगणारं? ते खरंच आहे, लेक युनियनच्या पश्चिम काठावर. खासगी घर आहे, त्यामुळे दारात जाऊन सेल्फी वगैरे आगाऊपणा करू नये. उत्तर काठावर गॅस वर्क्स पार्क आहे. पूर्वी इथे कोळशापासून गॅस बनवायचा कारखाना होता. तो बंद पडला. तिथलं गंजलेलं अवाढव्य मशीन तसंच ठेवून १९७५ मध्ये त्याभोवती बाग केली. तिथल्या टेकडीवरून समोरचा तलाव, तरंगत्या घरांच्या रांगा आणि पाठीमागे १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेली स्पेस नीडल असा अख्खा सिनेमा दिसतो.

भाचा आमच्याबरोबर होता. घरं बघून म्हणाला, 'यांना मूव्ह व्हायचं असेल तर घरच घेऊन जाता येतं का?' ताई हसली. खूप दिवसांनी हसली, असं भावजी मला नंतर म्हणाले.

सिनेमातली एक जागा मात्र आता दिसत नाही. सॅम नव्या मैत्रिणीला घेऊन जातो ते डालिया लाउंज. ते करोनाच्या काळात कायमचं बंद झालं. शहरंही माणसांसारखीच. सिनेमात तशीच राहतात, बाहेर बदलतात.

ओव्हनमध्ये कढई

ताईच्या बिल्डिंगमध्ये दर २४ डिसेंबरला तिच्या घरी पॉटलक असतं. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. या वर्षी ताई म्हणत होती, कॅन्सल करू. नोकरी गेल्याचं तिने बिल्डिंगमध्ये कुणालाही सांगितलं नव्हतं. रोज सकाळी आवरून, बॅग घेऊन ती लायब्ररीत जाऊन बसायची. भाच्याने मात्र आधीच सगळ्यांना आमंत्रणं देऊन टाकली होती. आता?

मग तिरामिसूच करायचं ठरलं. एक तर ते आमचं जुनं देणं होतं. आणि दुसरं, त्याला भट्टी लागत नाही. अमेरिकेतल्या देशी घरात ओव्हन म्हणजे काय असतो, माहितेय? भांड्यांचं कपाट! ताईच्या ओव्हनमध्ये दोन कढया, तवा, मोठा कुकर आणि इडलीपात्र सुखाने नांदत होतं. त्यांना बेघर कोण करणार?

मार्केटमध्ये डिलॉरेंटी म्हणून जुनं इटालियन दुकान आहे. तिथून मस्कार्पोने आणि सावोयार्दी ही लांबट बिस्किटं आधीच उचलली होती. मस्कार्पोने म्हणजे काय? दूध फाडलं की पनीर होतं ना, तसं क्रीम तापवून त्यात आंबट घालून निथळलं की मस्कार्पोने. हाताला लागतं अगदी आपल्या चक्क्यासारखं, फक्त आंबटपणा जवळजवळ नाही.

या पदार्थाचं गाव इटलीत व्हेनिसजवळचं त्रेव्हिसो. तिथल्या 'ले बेक्केरिये' या रेस्टॉरंटने १९७२ मध्ये तो मेन्यूवर आणला, असं साधारणपणे मानलं जातं. शेजारचा फ्रिऊली प्रांत म्हणतो, छे, आमचा! आपल्याकडे मिसळीवरून भांडतात तसंच. नावाचा अर्थ मात्र वादातीत आहे : 'मला वर उचल'.

मूळ कृतीत अंड्याचा कच्चा बलक असतो. पॉटलकला दोन घरं अंडंही न खाणारी होती आणि सावोयार्दीतही अंडं असतं. म्हणून आम्ही दोन ट्रे लावले. एक सावोयार्दीचा. दुसरा इंडियन स्टोअरमधल्या बिनअंड्याच्या टोस्टचा. हो, तोच, चहात बुडवायचा! बलक दोन्हींतून बाद, त्याऐवजी फेटलेलं क्रीम.

आणि कॉफीत जायफळ. ही ताईची आयडिया. 'आजी कॉफीत घालायची तसं.' अर्धं जायफळ किसल्यावर सगळ्या घराला एकाच वेळी साताऱ्याचा आणि ख्रिसमसचा वास आला. अमेरिकेत ख्रिसमसच्या एगनॉगमध्येही जायफळच असतं! २३ तारखेच्या रात्री ट्रे फ्रिजमध्ये गेले आणि आम्ही चौघांनी बसून सिनेमा लावला. फोनचा सीन आला तसा भाचा वळून मला म्हणाला, 'मावशी, मी पण रेडिओवर फोन करू? आईला जॉब पाहिजे म्हणून?'

कुणी काही बोललं नाही. ताईने त्याला जवळ ओढून घेतलं.

चोवीस तारीख

रविवारी संध्याकाळी घर भरलं. पुलिहोरा आला, डंपलिंग्ज आले, ढोकळा आला, कुणीतरी पिझ्झाही आणला. भाच्याने कागदाची चांदणी कापून ठेवली होती. ती ट्रेवर धरून वरून कोकोची पूड चाळली आणि चांदणी उचलली. तपकिरी आकाशात पांढरी चांदणी. टाळ्या!

खालच्या मजल्यावरच्या चिनी काकूंनी विचारलं, या नावाचा अर्थ काय? ताईच्या हातात डाव होता. तिने अर्थ सांगितला. मग एक क्षण थांबून तितक्याच सरळ आवाजात म्हणाली, 'आणि मला त्याची गरज आहे. गेल्या महिन्यात माझा जॉब गेला.'

शांतता. मग सोफ्यावरून पुलिहोरावाला म्हणाला, 'माझाही. ऑक्टोबरमध्ये.' त्याची बायको त्याच्याकडे बघतच राहिली. तिला माहीत होतं, पण तो हे चारचौघांत बोलेल असं तिला वाटलं नव्हतं. दोघंही रोज एकाच लायब्ररीत जात होते, वेगवेगळ्या मजल्यांवर!

पुढचा तासभर कुणी 'सगळं छान होईल' वगैरे म्हणालं नाही. कोणत्या टीममध्ये जागा आहेत, कुणाची ओळख आहे, कुणाचा वकील बरा आहे, हेच बोलणं. दोन्ही ट्रे साफ झाले. टोस्टचा आधी संपला, हे मुद्दाम नोंदवते!

सिएटल टू बाणेर

सिनेमात शेवटी एम्पायर स्टेट बिल्डिंगवर सगळं जुळून येतं. त्यामागे १९५७ च्या 'अॅन अफेअर टू रिमेंबर'ची पुण्याई आहे. (आमिर-मनीषाचा १९९९ चा 'मन'ही त्याचाच अवतार!) ताईच्या गोष्टीत तसं झालं नाही. पॉटलकच्या ओळखीतून दोन इंटरव्ह्यू मिळाले, एक शेवटच्या फेरीपर्यंत गेला आणि तिथे थांबला. अठ्ठावन्नाव्या दिवशी, १८ जानेवारी २०२४ ला तिघं विमानात बसली. पुलिहोरावाल्याला मात्र नोकरी मिळाली आणि त्याने पहिला फोन ताईला केला.

ताई आता बाणेरला राहते. नोकरी आहे, पगार तेवढा नाही, आणि शाळेच्या बसमध्ये मराठी बोलायला भाचा शिकलाय. 'हरलीस का?' असं तिला विचारणारे नातेवाईक भेटतातच. ती म्हणते, 'साठ दिवसांत मी जेवढं शहर बघितलं, तेवढं सात वर्षांत नाही बघितलं.' हे उत्तर आहे की नाही, मला ठरवता येत नाही. पण ती ते खाली मान घालून सांगत नाही, एवढं नक्की.

२०२४ च्या दिवाळीत फराळाच्या ताटात चकलीशेजारी एक वाटी होती. चक्क्याचं तिरामिसू. आजीने चमचाभर खाल्लं, डोळे मिटले आणि निकाल दिला, 'औषध कसलं, श्रीखंडच की हे! कॉफीतलं!'

करून बघा : जायफळ तिरामिसू (८ जणांसाठी)

• मस्कार्पोने ४५० ग्रॅम, व्हिपिंग क्रीम १ कप, पिठीसाखर अर्धा कप, कडक कॉफी दीड कप, सावोयार्दी किंवा साधे टोस्ट २४ ते ३०, कोको पावडर २ चमचे, किसलेलं जायफळ पाव चमचा.

• कॉफीत जायफळ घालून पूर्ण गार करा. गरम कॉफीत बिस्किटाचा लगदा होतो.

• गार क्रीम घट्ट होईपर्यंत फेटा. वेगळ्या भांड्यात मस्कार्पोने आणि साखर हलक्या हाताने एकत्र करा. जोरात फेटलं तर मस्कार्पोने फाटतं. मग दोन्ही मिसळा.

• सावोयार्दी कॉफीत बुडवा आणि लगेच काढा. टोस्ट कडक, त्याला तीन-चार सेकंद द्या. ट्रेमध्ये एक थर बिस्किटांचा, एक क्रीमचा, पुन्हा तसंच.

• फ्रिजमध्ये निदान ६ तास, रात्रभर ठेवलं तर उत्तम. कोको अगदी वाढताना चाळा, आधी चाळला तर ओला होतो.

• मस्कार्पोने महाग वाटतंय? ३०० ग्रॅम ताजा, गोडसर चक्का चाळणीतून काढून घ्या आणि त्यात फेटलेलं क्रीम मिसळा. क्रीम मात्र व्हिपिंगचंच हवं. आपलं नेहमीचं २५ टक्के फॅटचं फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी उभं राहत नाही.

जाऊन या : सिएटल

• कोरडं आकाश हवं तर जुलै-ऑगस्ट. सिनेमाचा मूड हवा तर डिसेंबर आणि टोपीवालं जॅकेट.

• विमानतळावरून लाइट रेल्वेने वेस्टलेक स्टेशन गाठा. तिथून पाइक प्लेस चालत जाता येतं. मंडईत सकाळी लवकर पोहोचा, गर्दी कमी.

• शहर पाण्यावरून बघायचं तर बेनब्रिज बेटाची फेरी पकडा. ३५ मिनिटांचा प्रवास. परतताना डेकवर उभे राहा, गार वारा लागला तरी!

• अथेनियनमध्ये खिडकीची जागा मिळाली तर सोडू नका. आणि 'पुढच्या वेळी निवांत येऊ' असं तर अजिबात म्हणू नका.